दोन चुली, एक घड्याळ

सादो बेट, १६ फेब्रुवारी २०१५

श्रीमती सुमिए होन्मा यांना,

आपले पती कियोताका यांच्या निधनाची वार्ता ऐकून अंतःकरण विदीर्ण झाले. अशी वार्ता अशी अचानक यावी, हे अजूनही मनाला पटत नाही. वास्तविक तातडीने येऊन आपल्या दुःखात सहभागी व्हावयास हवे. परंतु अंतरामुळे ते शक्य होत नाही, याबद्दल क्षमा असावी. सोबतचे पाकीट कृपया त्यांच्या वेदीपुढे ठेवावे. आपण सर्वांनी प्रकृतीस जपावे. मृतात्म्यास चिरशांती लाभो.

योशिहारु होन्मा


नागाओका, ३ मार्च २०१५

योशिहारु भावोजी,

दारातला बर्फ अजून कंबरेएवढा आहे आणि तो उपसायला आता घरात पुरुषमाणूस नाही. हवापाण्याचं एवढंच पुरे. आता मुद्द्याचं.

तुमचं पत्र आलं तेव्हा घरात माणसांची ये-जा होती. आमच्या लेकीने, मिनाकोने, ते वेदीवर ठेवलं आणि मी चष्मा न लावताच हात जोडले. काल शोकभेटींच्या परतभेटी कुणाकुणाला पाठवायच्या ते बघायला लेकीने सगळी पाकिटं खाली काढली, तेव्हा मात्र चष्मा डोळ्यांवर होता.

हे गेले सतरा तारखेला, पहाटे. तुमच्या पत्रावर तारीख आहे सोळा.

सोळा तारखेला तुमचा भाऊ जिवंत होता, भावोजी. दुपारी त्यांनी नर्सबाईंशी बेसबॉलवरून वाद घातला. संध्याकाळी पुडिंग मागून घेतलं आणि अर्धं मला खायला लावलं.

आपल्याकडे मयताच्या पाकिटात कोरी नोट घालत नाहीत. का, तर आधीपासून काढून ठेवली होती असं वाटू नये. कोरीच असली तर निदान एक घडी तरी पाडतात. शाई पातळ करतात, डोळ्यातलं पाणी पडून फिकटली असं दिसावं म्हणून. हे तुम्हाला मी शिकवायला नको. आणि तुम्ही काय केलंत? अख्खं पत्रच आदल्या दिवशी तयार ठेवलंत! वर शाई मात्र रीतसर पातळ. धन्य आहे तुमची.

पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का सतराचा आहे, तोही मी बघितला. म्हणजे लिहून ठेवलं, बातमीची वाट बघितली आणि बातमी आल्याबरोबर पेटीत टाकलं. तुम्हाला कसली घाई होती ते मला माहीत नाही, आणि माहीत करूनही घ्यायचं नाही.

एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला अस्थी सादोला आणायच्या आणि तुमच्या आईवडिलांच्या कबरीत ठेवायच्या असं ठरलं होतं. ते रद्द. मी इथेच एखाद्या देवळात जागा बघते. जिथे कुणी त्यांच्या मरणाची अशी वाट बघत बसलं होतं, तिथे मी त्यांना पाठवणार नाही.

फोन करू नका. उचलणार नाही.

सुमिए


सादो, ७ मार्च २०१५

वहिनी,

साष्टांग नमस्कार. हा शब्द नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. समोर असतो तर खरोखरच कपाळ चटईला टेकलं असतं.

तुमचं पत्र वाचलं, झाकून ठेवलं, थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. तुम्ही म्हणताय म्हणजे पत्रावर सोळाच असणार. सतराला पहाटे मिनाकोचा फोन आला. त्यानंतर मी बसलो आणि ते पत्र लिहिलं. माझा हात कसा थरथरतो ते तुम्ही पाहिलंय. कुंचला धरला तर अक्षरांऐवजी कोंबडीचे पाय उमटतात. म्हणून कॉम्प्युटरवर लिहिलं. त्यात नववर्षाची कार्डं छापायचं जे सॉफ्टवेअर आहे, त्यात कुंचल्याचं वळण मिळतं आणि पातळ शाईही मिळते. तारीख कुठून आली, खरंच कळत नाही. डोळे गेले असतील. डोकं गेलं असेल. जे काही गेलं असेल ते माझंच गेलं, त्याचा दोष दुसऱ्या कुणाला नाही.

अंत्यविधीला आलो नाही, त्याचंही तोंड वर करून काही सांगवत नाही. त्या दोन दिवसांत समुद्र असा होता की मोठं जहाजसुद्धा सुटलं नाही. मी बंदरावर बॅग घेऊन बसून होतो. टपाल गेलं ते तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या जहाजाने, आणि तोवर तुमच्याकडचं सगळं आटोपलं होतं.

वहिनी, मला हवी ती शिक्षा द्या. पण दादाला नका देऊ. नोव्हेंबरात तो इथे आला होता तेव्हा आम्ही दोघांनी कबर धुतली. धुता धुता म्हणाला, "हे बघ, माझी जागा आईच्या डावीकडे. उजवीकडे समुद्राचा वारा लागतो, तिकडे तू झोप, तू धाकटा आहेस." मी म्हटलं, "मेल्यावरही हुकूम सोडणार का?" तर म्हणाला, "मग काय, मेल्यावर तू थोरला होणारेस?" इतका हसला की बादली लवंडली.

त्याला आईजवळ येऊ द्या. मी कबरीपाशी उभासुद्धा राहणार नाही, म्हणाल तर त्या दिवशी गाव सोडून जाईन.

योशिहारु


नागाओका, ११ मार्च २०१५

भावोजी,

डोळे गेले, डोकं गेलं! आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून तुम्ही तारखेचे शिक्के मारलेत. सकाळी शिक्क्यातला आकडा फिरवल्याशिवाय हा माणूस चहाचा घोट घेत नाही, हे तुमच्या भावानेच मला शंभरदा सांगितलंय. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत वार चुकला होता, तो कुणी पकडला? तेव्हा तारीख चुकली असं मला सांगू नका. दुसरं काहीतरी सांगा.

आणि पत्र तरी काय लिहिलंत! 'अशी वार्ता अशी अचानक यावी.' अचानक? नववर्षापासून दर आठवड्याला मी तुम्हाला फोन करून सांगत होते ना? 'आपले पती' म्हणे. भावाला दादा म्हणायची लाज वाटली का? त्यात त्यांच्या खोकल्याचा, त्यांच्या हसण्याचा, त्या दिवसाचा एक शब्द नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या तांदूळवाल्याच्या मयतालाही ते पत्र चाललं असतं.

लवंडलेल्या बादलीची गोष्ट या पत्रात लिहायला सुचली. मग त्या पत्रात का नाही सुचली?

देवळात जाऊन जागा बघून आले. रस्त्याच्या कडेला आहे, गाड्यांचा आवाज येतो. पण वारा लागत नाही.

सुमिए


सादो, १६ मार्च २०१५
(छापलेला आकडा १५ होता. तो खोडून मी पेनाने १६ केला आहे. असं का, तेच आता सांगतो.)

वहिनी,

सापडलं! तारीख कुठून आली ते सापडलं.

आज सकाळी न्याहारीआधीच तुम्हाला लिहायला बसलो. दोन ओळी लिहून छापून पाहिल्या, कारण आता मी तारखेकडे चोरासारखा बघतो. बघतो तर पंधरा! समोर आजचा पेपर, त्यावर सोळा. पुन्हा छापलं, पुन्हा पंधरा. मग पडद्याच्या कोपऱ्यातलं ते बारकं घड्याळ भिंग धरून बघितलं. उजाडलेल्या सकाळी ते काल रात्रीची वेळ दाखवत होतं. बरोबर नऊ तास मागे.

लगेच मिनाकोला फोन केला. तुम्ही उचलणार नाही म्हणून तिच्या दुकानावर केला, रागावू नका. ती म्हणाली, "काका, बाबांनी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवली होती का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आणि घड्याळाचं काही सांगितलं नाही?"

सांगितलं होतं, वहिनी. मीच ऐकलं नाही.

नोव्हेंबरात दादा आला तो टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन. मला वाटलं, खारवलेला मासा. तर निघाली डिस्क. म्हणाला, "तुझी विंडोज म्हातारी झाली. तिला आता बाहेरून कुणी औषधपाणी करत नाही. इंटरनेटवर पाठवलीस तर कोणीही भामटा तिला फसवील." मी म्हटलं, "काढायची नाही हं. नववर्षाची कार्डं तिच्यातच छापतात, चारशे पत्ते आहेत." तो म्हणाला, "काढतो कोण? तिला तिच्या डिस्कवर राहू दे, फक्त इंटरनेट तोडतो. ई-मेल वगैरेला ही नवी, लिनक्स म्हणतात हिला, हिच्यासाठी वेगळी डिस्क. एका घरात दोन चुली."

कॉम्प्युटरची पेटी कोतात्सूवर, आमच्या शेकायच्या बैठ्या टेबलावर, उघडून बसला. नवीचं चालू असताना जुनीची वायर त्याने उपसून ठेवली. "हे कशाला?" म्हटलं तर म्हणे, "लोक आळस करतात, दोन्ही जोडून ठेवतात. मग नवी येता येता जुनीच्या दारावर आपली पाटी लावते, आणि पुढे एक काढली की दुसरीही उठत नाही. आपल्याला तसला संसार नको. एकीला दुसरीचा पत्ताच नाही लागला पाहिजे." मग दोन्ही जोडल्या आणि मला शिकवलं. चालू करताना हे बटण दाबून धरायचं, हवी ती निवडायची. मी तीनदा चुकलो. तो म्हणाला, "टपाल चुकीच्या घरात टाकायची सवय गेली नाही तुझी."

आता घड्याळाचं. चुली दोन असल्या तरी पेटीच्या भिंतीवर घड्याळ एकच असतं म्हणे, दोघींना तेच बघावं लागतं. मिनाकोने मला ते असं समजावलं: नवी सून घड्याळ लंडनच्या वेळेला लावते आणि बघताना मनातल्या मनात जपानचे नऊ तास मिळवते, त्यामुळे तिचं कधी चुकत नाही. जुन्या सासूला हे ठाऊकच नाही. ती घड्याळात दिसतं तेच खरं धरते. तिला इंटरनेट असतं तर तिथून तरी कळलं असतं, ते दादाने तोडलेलं. म्हणून ई-मेल बघून झाल्यावर मी जुनी सिस्टिम लावली की ती नऊ तास मागच्या जगात उठते. दुपारी लिहिलं तर तारीख तीच राहते. सकाळी लिहिलं की कालची पडते. मागच्या पत्रावर तारीख बरोबर होती, कारण ते मी जेवण झाल्यावर लिहिलं होतं. कार्डांवर तारीख छापतच नाहीत, म्हणून डिसेंबरात काही कळलं नाही.

बंदरावर निरोप घेताना तो ओरडून म्हणाला होता, "घड्याळाचं एक राहिलंय रे! नववर्षानंतर येऊन करतो. तोवर सकाळी सकाळी म्हातारीला उठवू नकोस, कालची पत्रं पाठवत बसशील!" मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा. हात हलवला आणि घरी आलो. नववर्षानंतर तो दवाखान्यात गेला.

वहिनी, मिनाकोला विचारा. तिच्याकडे दोन डिस्कचं यंत्र आहे, ती करून दाखवील. शिक्का सतराचा होता तो खराच होता. आता तरी त्याला इकडे आणाल ना?

योशिहारु


नागाओका, २० मार्च २०१५

योशिहारु भावोजी,

मिनाकोने काल तिचं यंत्र घरी आणलं आणि माझ्यासमोर दोन्ही लावून दाखवलं. मला त्यातलं सासू-सून एवढंच समजलं. पण घड्याळ मागे गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. नऊ तास. मग मिनाको म्हणाली, "आई, आता काकांना काय लिहिणार?" आणि मला न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यावं लागलं.

काय लिहू? मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. ज्या माणसाने आईचं शेवटचं दुखणं एकट्याने काढलं, थोरल्याला एक दिवस सुट्टी घ्यायला लावली नाही, तो भावाचं मरणपत्र आधी लिहून ठेवील? हे माझ्या मनात आलं तरी कसं? तुमच्या हातून असलं काही होणंच शक्य नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. मला माफ करा. मोठी असून चुकले.

आणि बघा ना, करून ठेवलंय ते सगळं ह्यांनीच! जाताना एक काम अर्धवट टाकून गेले, नि भांडत बसलो आपण दोघं. वेदीपुढे बसून मी त्यांना चांगलं सुनावलं.

उद्या ओहिगानचा मुख्य दिवस, पितरांच्या आठवणीचा. भाताचे गोड गोळे केलेत. तुमच्या नावाने एक ताट वाढलं, ते मिनाकोच्या पोटात गेलं.

इथल्या देवळाला नाही म्हणून कळवलं. एप्रिलच्या पाच तारखेला, रविवारी, आम्ही दोघी अस्थी घेऊन येतोय. आईच्या डावीकडे. तुम्ही आमच्या शेजारी उभं राहायचं.

सुमिए


सादो, २५ मार्च २०१५

वहिनी,

तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. कबरीवर गेलो, तिथे वाचलं. 'तुमच्या हातून असलं काही होणंच शक्य नाही' या ओळीपुढे मला जाता येत नाही.

गप्प बसलो तर पाच तारखेला दादा घरी येतो. हे मला पक्कं ठाऊक आहे आणि तरी लिहितोय. गप्प बसून मी त्याच्या अस्थींच्या डब्याशेजारी उभा राहू शकणार नाही.

घड्याळाचं सगळं खरं आहे. पण तुम्ही माफ केलंत ते घड्याळाला.

जानेवारीत तुम्ही फोनवर म्हणालात की डॉक्टरांनी औषधं थांबवली. त्याच दुपारी मी ते जुनं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात शोकपत्राचे नमुने असतात, लग्न आणि नव्या घराच्या शुभेच्छांच्या शेजारीच. त्यातला एक निवडला. एका चौकटीत तुमचं नाव घातलं, एका चौकटीत दादाचं. 'निधनाची वार्ता' या शब्दांआधी मी त्याचं नाव टाइप केलं तेव्हा तो तिकडे श्वास घेत होता. मी मनाशी म्हटलं, माझा हात असा, त्या दिवशी काही सुचणार नाही, आयत्या वेळी धांदल नको. पोस्टातली सवय आहे, उद्याची थप्पी आज लावून ठेवायची. तारखेची जागा तेवढी रिकामी राहिली. ती छापताना यंत्र आपण होऊन भरतं.

त्यानंतर तुमचे फोन येत राहिले. "आज जरा बरे आहेत." मी "वा, छान" म्हणायचो, आणि ते पत्र आत तयार पडलेलं होतं. पुसून टाकावं असं किती वेळा वाटलं. पुसलं नाही. पुसलं तर पुन्हा लिहावं लागेल, या आळसाने. दुसरं कारण शोधलं, पण मिळालं नाही.

सात तारखेला मी तुम्हाला लिहिलं की फोननंतर बसून पत्र लिहिलं. ते खोटं होतं. त्या सकाळी मी एक अक्षर लिहिलं नाही. फोन ठेवला, ई-मेलवाली सिस्टिम बंद करून जुनी लावली, बटण दाबलं, कागद बाहेर आला. रडलो ते बंदरावर, नंतर. बादली तेव्हा आठवली नाही, कारण मी काही आठवायचा प्रयत्नच केला नव्हता. पत्र तयार होतं ना.

आणि घड्याळाचं कोडं उलगडलं त्या दिवशी मी खूश झालो होतो, वहिनी. दादा गेल्यापासून पहिल्यांदा खूश झालो, आणि कशाने, तर आता आपण सुटलो म्हणून. अर्धवट राहिलेलं त्याचं काम मी माझ्या बचावाला उभं केलं.

तारीख चुकीची होती. तुमचं म्हणणं बरोबर होतं.

अस्थींचं तुम्ही ठरवा. देवळात मी अजून काही कळवलेलं नाही.

योशिहारु


नागाओका, ३१ मार्च २०१५

भावोजी,

तुमचं पत्र मी मिनाकोला दाखवलेलं नाही. आधी संतापच आला. कशाला सांगितलंत? मी माफ करून मोकळी झाले होते, तुम्ही माफी घेऊन मोकळे झाला होता. दोन दिवस वेदीपुढे बसले नाही, म्हटलं होन्मांच्या कुठल्याच भावाचं तोंड बघायला नको.

पण आता माझं ऐका. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही.

सोळा तारखेला सकाळी मी दवाखान्यात गेले नव्हते. कपाटातून काळा किमोनो काढला आणि डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून खिडकीशी टांगला. मग त्यांचा एक फोटो घेतला, जत्रेतला, टोपीवाला, आणि फोटोवाल्याकडे गेले. वेदीसाठी मोठा करायला. त्याने टोपी काढून टाकू का विचारलं, हल्ली तसं करता येतं म्हणे. मी नको म्हटलं. मग त्याने वहीत लिहिता लिहिता विचारलं, "कधी वारले?"

मी म्हटलं, "अजून नाही."

त्याने खाली मान घालून पावती फाडली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

तिथून दवाखान्यात गेले. हे उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "कुठे होतीस? सकाळपासून दाराकडे बघतोय." मी म्हटलं, "संत्री आणायला गेले होते." तर माझ्या रिकाम्या हातांकडे बघून हसले. "मग संत्री कुठायत?" मी म्हटलं, चांगली नव्हती. त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी आपल्यातलं अर्धं पुडिंग मला दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

त्यांची शेवटची सकाळ मी फोटोवाल्याकडे घालवली, भावोजी. ते जिवंत असताना. आणि तुमच्या पत्रावर तीच तारीख पाहिली तेव्हा वाटलं, तुम्ही मला त्या दुकानात उभी असलेली पाहिलीत. जे मला स्वतःला बोलता येत नव्हतं ते सगळं मी तुम्हाला बोलून घेतलं. तुमच्यावर ओरडले की जरा झोप लागायची.

तुम्हाला माफ करणारी मी कोण? आणि मला कोण करणार? ज्यांनी करायचं ते डब्यात बसलेत.

पाच तारखेला सकाळच्या जहाजाने येतोय, ठरल्याप्रमाणे. फोटो आणते, तोच, टोपीसकट. संत्रीही आणते, चांगली बघून. तुम्ही कबर धुऊन ठेवा.

तुमचं ते छापील पत्र मी फाडून टाकलं. त्याच्या जागी वेदीवर ठेवायला दुसरं द्या. हाताने लिहा. कोंबडीचे पाय चालतील.

सुमिए


सादो, २ एप्रिल २०१५

वहिनी,

हाताने लिहितोय. एवढ्याला सगळी दुपार गेली आणि बरेच कागद वाया गेले. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घातली आहे.

कबर धुतली. आईच्या डावीकडचं शेवाळ खरवडून काढलं. देवळात सांगितलं. बंदरावर मी येतो.

पेटीतलं घड्याळ मिनाको नीट करून देते म्हणाली आहे. तिला सांगा, तूर्तास नको. दादाचं राहिलेलं काम आहे, काही दिवस तसंच राहू दे.

शाई पातळ केलेली नाही. वेदीवर ठेवायचं ते पत्र खाली लिहितो, एवढंच आहे.

दादा गेला, वहिनी. मला फार एकटं वाटतंय.

योशिहारु